बेटावरचे घर आणि पलीकडच्या तीरावरचा देव

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, उत्तरपत्रिकांचे शेवटचे गठ्ठे हातावेगळे झाल्यावर, आम्हां दोघांना चार दिवस दिवाडी बेटावर राहण्याचा योग आला. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट मांडवी ओलांडते आणि दहा मिनिटांच्या आत समोरच्या काठाला लागते. धक्क्याकडे येणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिश्कु द गामा याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही कमान उभारली. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन या कमानीतून नगरात प्रवेश करीत असे. आम्ही उलट दिशेने, नगराकडे पाठ करून नदीकडे गेलो. पुढच्या चार दिवसांत जे सुचले त्याची सुरुवात या उलट्या दिशेपासूनच झाली, असे आता वाटते.

उतरायचे होते ते एका जुन्या घरात. मालक परदेशी स्थायिक झालेले. घराचा अर्धा भाग सुट्टीसाठी येणाऱ्यांना भाड्याने दिला जातो. पिएदादच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या, हातभर जाड. वर उतरती कौले. चार पायऱ्या चढून बाल्कांव आणि त्याच्या दोन्ही अंगांना बसण्यासाठी बांधून काढलेले सोपे. दिवाणखान्याच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले आहेत. दुपारी त्यांतून दुधी उजेड आत झिरपतो. एका टोकाला ओरातोर, म्हणजे घरातली प्रार्थनेची लाकडी देव्हारी. घराची देखभाल करणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. गावातले सगळे त्यांना 'आंटी' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

टेबलावर पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या आवरणात घातलेला एक कागद होता. त्यावर घराचा इतिहास सात-आठ ओळींत दिला होता: घर एकोणिसाव्या शतकातले, शैली 'इंडो-पोर्तुगीज', वारसा जपलेला. त्याखाली वायफायचा परवलीचा शब्द आणि शेवटच्या फेरीबोटीची वेळ. या कागदाला आम्ही मनातल्या मनात हसलो. पण खरे सांगायचे तर आम्हीही एक कागद सोबत घेऊनच आलो होतो, तो फक्त छापलेला नव्हता. 'दिवाडी' म्हटले की मराठीच्या प्राध्यापकाला जे आठवते तेच आम्हांलाही आठवत होते: सप्तकोटीश्वराचे देऊळ, पोर्तुगीजांनी केलेला त्याचा विध्वंस आणि पलीकडच्या तीरावर शिवाजी महाराजांनी केलेला जीर्णोद्धार. त्यात आमच्यापैकी एकाचे कुलदैवत खांडोळ्याचा महागणपती, जो मूळचा याच बेटावरचा. म्हणजे एका कागदावर दिवाडीचा इतिहास घर बांधल्यापासून सुरू होत होता आणि दुसऱ्या कागदावर तो देव निघून गेल्यावर संपत होता. या दोन्ही कागदांत न मावणारे जे काही आहे, त्याविषयी हे टिपण आहे.

*

आधी घरच वाचू. 'इंडो-पोर्तुगीज' हा शब्द अशा घरांना सर्रास लावला जातो. त्यात तथ्य आहे, पण तो शब्द पुष्कळ गोष्टी झाकतो. बाल्कांव घराला रस्त्याकडे तोंड करून बसवतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायला लावतो. चौकाभोवती आत वळलेल्या जुन्या घराच्या स्वभावाहून हा स्वभाव निराळा, हे मान्य. परंतु आमच्या घराच्या मध्यभागी आजही उघडा चौक आहे. धान्य वाळवायला, पावसाचे पाणी उतरवायला. गोव्यातल्या कितीतरी जुन्या ख्रिस्ती घरांत तो सापडतो. म्हणजे दर्शनी भागाने नवे वळण घेतले तरी घराचे पोट जुनेच राहिले. भिंतीचा जांभा इथल्या मातीतला, चुना शिंपल्यांचा, हात इथल्या गवंड्यांचे. कौलांना आपण बिनदिक्कत मंगळुरी म्हणतो. ती बनवण्याचा धंदा १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जर्मन भाषिक मिशनऱ्यांनी मंगळुरात सुरू केला. तेव्हा ज्या छपराच्या छायाचित्रावर 'पोर्तुगीज घर' असे लिहिलेले असते, त्या छपराचा पोर्तुगालशी संबंध बेताचाच.

टेकडीवरचे चर्च हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगते. पिएदाद मातेचे हे चर्च अठराव्या शतकाच्या प्रारंभीचे, आणि त्याच्या रचनेचे श्रेय आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोमंतकीय धर्मगुरूला दिले जाते. चर्चशेजारच्या दफनभूमीत एक लहान जुनी वास्तू आहे. तिच्यात पूर्वीच्या देवळाचे अवशेष सामावले आहेत, असे जाणकार मानतात. टेकडीवर गणपतीचे देऊळ होते, ही परंपरा गावातले ख्रिस्ती लोकही सांगतात, आणि कसलाही संकोच न बाळगता सांगतात. टेकडीवरून दक्षिणेला पाहिले की नदीपलीकडे जुन्या गोव्याचे घुमट आणि सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याचे उरलेले अर्धे अंग दिसते. एके काळी लिस्बनशी ज्याची तुलना होई ते नगर साथींनी ओस पडले, १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला आणि चर्चे तेवढी राहिली. १९८६ पासून ती जागतिक वारसा आहेत. नगर गेले, त्याच्यासमोरचे खेडे मात्र वस्ती करून राहिले. खेड्याला टिकवणारी गोष्ट कोणती, हा प्रश्न आम्हांला चर्चच्या पायरीवर पडला.

त्याचे एक उत्तर त्याच संध्याकाळी खाजनाच्या बांधावर मिळाले. दिवाडीच्या सखल कडा म्हणजे खाजन शेती. खाऱ्या पाण्याला बांध घालून, त्यात 'मानस' नावाचे झडपेचे दार बसवून भरती-ओहोटीवर ताबा ठेवायचा. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारे सोसणारे भात, एरवी मासळी. एक बांध फुटला की साऱ्यांचे शेत खारट होते. त्यामुळे बांध राखणे हे कोणा एकाचे काम असू शकत नाही. ते गावाचे काम. हे काम करणारी, जमीन सामाईकपणे धारण करणारी संस्था म्हणजे गांवकारी, जिला पोर्तुगीज 'कोमुनिदाद' म्हणू लागले. राज्य हाती आल्यावर सोळा वर्षांनी, १५२६ मध्ये, आफोंसु मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गांवकाऱ्यांच्या चालीरीती लिहवून घेतल्या. तोच प्रसिद्ध फोराल. नव्या राज्यकर्त्याला महसूल हवा होता, महसुलाला भात हवे होते आणि भाताला बांध. म्हणून देवळे पाडणाऱ्या सत्तेनेही गांवकारी मोडली नाही. धर्म बदलला तरी गांवकार गांवकार राहिला, त्याचा वांगड तोच राहिला; जातही बरीचशी तीच राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

१५२६ या सालापाशी मराठीच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. त्याच वर्षी साष्टीतल्या केळशी गावी कृष्णदास शामा आपले ओवीबद्ध कृष्णचरित्र रचीत होता. फोरालात कर भरणारी माणसे आणि कृष्णकथा ऐकणारी माणसे एकाच भूमीतली होती. आपल्या अभ्यासक्रमात मात्र ती दोन वेगळ्या विषयांत राहतात.

*

आता देवाकडे. सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. त्याच्या कृपेने वर लाभलेला, अशी बिरुदावली कदंबांच्या नाण्यांवर आणि लेखांत आढळते. देऊळ दिवाडीच्या नार्वे भागात होते. कोटितीर्थ या नावाच्या पायऱ्यांच्या तळीचे अवशेष तिथे अजून दिसतात. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात हे देऊळ उद्ध्वस्त झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरचा माधव मंत्री याने देवाची पुनःस्थापना केली. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या आधीच हा देव एकदा मोडून पुन्हा उभा राहिला होता. मग १५१० मध्ये पोर्तुगीज आले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडण्याची मोहीम निघाली, १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले, आणि या दोन दशकांत सप्तकोटीश्वराचे दुसरे देऊळही गेले. लिंग विहिरीच्या रहाटाला लावले होते, तिथून भाविकांनी ते सोडवून नदीपलीकडे नेले, अशी परंपरा आहे. पलीकडे, डिचोलीच्या बाजूला, असलेल्या गावाचे नावही नार्वेच. तिथल्या देवालयाच्या दारावरच्या संस्कृत लेखात शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८ च्या कार्तिकात शिवरायांच्या आज्ञेने काम सुरू झाल्याची नोंद आहे. शासनाने अलीकडे या देवालयाचे जतनकाम केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

ही कथा आपल्याला पाठ आहे आणि ती खरी आहे. विध्वंस झाला, सक्ती झाली, आणि 'देवाणघेवाण' किंवा 'संगम' असे गोड शब्द वापरून तो प्रसंग पुसता येणार नाही. माहितीपत्रकांना तो नको असतो, हे आम्ही त्या टेबलावरच्या कागदावर पाहिले. पण ही कथा सांगताना आपण नकळत देवाबरोबर नदी ओलांडून जातो आणि मागे वळून पाहत नाही. खांडोळ्याला महागणपती गेला, माशेलला चोडणचा देवकीकृष्ण गेला, त्यांच्यामागून माणसे गेली. त्यांचे पुढे काय झाले ते कुळांच्या इतिहासांत लिहिलेले आहे. जी माणसे बेटावरच राहिली, ज्यांनी जमीन सोडली नाही म्हणून देव सोडला, किंवा ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, त्यांचे काय झाले? आपल्या मराठी कथनात ती एका वाक्यात 'बाटली' आणि संपली. क्रियापद एक, कर्ता अनेकवचनी, वाक्य पूर्ण.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर बाल्कांवात बसलो असताना आंटींनी आमच्यापैकी एकाला मूळ गाव विचारले. कोल्हापूरकडे तीन पिढ्या, त्याआधी गोवा, कुलदैवत खांडोळ्याचा गणपती, असे उत्तर गेले. आंटी हसल्या आणि म्हणाल्या, "मगीर तुमी आमच्याच गांवचीं न्हय!" मग तर तुम्ही आमच्याच गावचे. त्या स्वरात आठवण करून देणे नव्हते, आरोप नव्हता, क्षमायाचनाही नव्हती. बऱ्याच दिवसांनी परतलेल्या भाऊबंदांशी बोलावे, तसे त्या बोलल्या. त्यांच्या घराण्याचा वांगड कोणता, हेही त्यांनी सांगितले. आमच्यापैकी ज्याला हे ऐकवले गेले, त्याला स्वतःचा वांगड ठाऊक नव्हता. निघून गेलेल्याकडे देव होता आणि राहिलेल्याकडे गाव. दोघांपैकी एकाकडेही सगळे नव्हते.

*

राहिलेल्यांचा आवाज मराठी साहित्यात कुठे ऐकू येतो का? येतो, आणि तो आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत, असे ध्यानात आल्यावर आम्हां दोघांना थोडे ओशाळल्यासारखे झाले. वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' हे प्रकरण बहुधा टिपांच्या प्रश्नात येते. पाच गुण. फादर स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आगमन, 'क्रिस्तपुराण' १६१६, रायतूर, सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपी. मराठीची थोरवी गाणारा उतारा पाठ्यपुस्तकात असतो. तो परक्या माणसाने आपल्या भाषेला दिलेले प्रमाणपत्र म्हणून आपण वाचतो आणि सुखावतो. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये काढलेली देवनागरी आवृत्ती आम्ही बेटावर सोबत नेली होती, ती पुढच्या वर्षाच्या तासांची तयारी करण्यासाठी.

बाल्कांवातल्या त्या बोलण्यानंतर आम्ही ती पुन्हा उघडली आणि पहिल्याच अवस्वरूपाशी अडकलो. तिथे साष्टीतला एक वृद्ध ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला विचारतो, त्याचा आशय असा: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे एखादे पुराण का करून देत नाही? अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा केला आहे. आजवर आम्ही हा प्रसंग प्रास्ताविक म्हणून ओलांडत होतो. या वेळी तो राहिलेल्या माणसाच्या तोंडचा प्रश्न म्हणून ऐकू आला. विचारणारा देवळाबद्दल बोलत नाही, जमिनीबद्दलही नाही. संध्याकाळी ऐकायला काय उरले, असे तो विचारतो. प्रश्नात तक्रार आहे आणि तोल सांभाळून केलेली आहे: ज्यांनी काढून घेतले त्यांच्याकडेच तो भरपाई मागतो, आणि ती आपल्या छंदात, आपल्या भाषेत मागतो. हा वृद्ध खरोखर कोणी होता की कवीने योजलेला, याचा निर्णय करण्याची इथे गरज नाही. असा प्रश्न हवेत होता, एवढे मानल्याशिवाय ग्रंथाची रचनाच कळत नाही.

मग ग्रंथातली इतर लक्षणेही नव्याने दिसू लागतात. स्वर्गाला 'वैकुंठ' हा शब्द येतो, कारण ऐकणाऱ्याच्या कानात तो आधीपासून आहे. जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या कोकणी बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे स्टीफन्स गद्य प्रस्तावनेत सांगतो. हे आपण 'भाषावैशिष्ट्ये' या मथळ्याखाली शिकवतो. वास्तविक ती श्रोत्यांची ओळख आहे. ग्रंथ कोणासाठी आहे हे त्याच्या शब्दकळेत नोंदलेले आहे. लेखक विल्टशरचा असेल, ओवी मात्र श्रोत्यांनी मागून घेतलेली आहे.

आणि तिचे पुढे काय झाले? याचे उत्तर शोधताना पुन्हा दिवाडीचे शेजारच लागते. बेटाला लागूनच जुवे बेट आहे, ज्याला पोर्तुगीज सांतु इश्तेव्हांव म्हणत. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने जुव्याचा किल्ला घेतला. तो परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय, काउंट ऑफ आल्व्हर फ्रांसिश्कु द ताव्हर, स्वतः जखमी होऊन मागे फिरला. जुन्या गोव्यात घबराट उडाली. व्हाइसरॉयने सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या हाती सोपवला, ही आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. सैन्य लवकरच मागे वळले. पश्चिम किनाऱ्याकडे येणाऱ्या मोगल फौजांचे संकट डोक्यावर होते. आपल्या इतिहासात हे प्रकरण इथे संपते, एका शौर्यगाथेच्या शेवटच्या ओळीसारखे. परंतु याच व्हाइसरॉयने पुढच्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, एक फर्मान काढले: तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. या दोन घटनांत केवळ कालक्रम आहे की कार्यकारणही, यावर इतिहासकार बोलोत. आम्हांला एवढे दिसले की पलीकडच्या तीरावरून आलेल्या आपल्या सैन्याच्या कथेत अलीकडच्या तीरावरच्या माणसाच्या जिभेवर काय बेतले, हे आपण कधी सांगितले नाही. नदीपलीकडच्यांशी आपली भाषा एक आहे, हेच त्या माणसाविरुद्ध संशयाचे कारण झाले असणे अगदी संभवनीय आहे.

जिभेवरची बंदी पाळली गेली नाही. तीन वर्षांत भाषा सोडणे कोणालाच शक्य नसते. पण दडपण राहिले. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती घरांतल्या मना केलेल्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. त्यात तुळस आहे आणि लग्नात गायच्या ओव्याही आहेत. धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे लोटल्यावरही ज्या अर्थी ओव्यांवर बंदी घालावी लागते, त्या अर्थी घरोघरी ओव्या गायल्या जात होत्या. मनाईचे हुकूम हे चालू असलेल्या गोष्टींचे सर्वांत विश्वासू साक्षीदार असतात. 'क्रिस्तपुराणा'च्या सतराव्या शतकातल्या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. समोरच्या काठावर, जुन्या गोव्यात, १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला, आणि त्याच भूमीवर छापलेले मराठीतले हे पुराण छापील रूपात टिकले नाही. ते टिकले हातांनी उतरवलेल्या पोथ्यांत. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपले आणि तशा पोथ्यांवरून जोसेफ सालढाण्यांनी १९०७ मध्ये मंगळुरात त्याची आवृत्ती काढली. देव नदीपलीकडे नेऊन वाचवावा लागला, तसे ख्रिस्ताचे पुराणही सीमेपलीकडे जाऊनच वाचले. एकाच गावच्या दोन्ही शाखांना आपापला ठेवा असा बाहेर न्यावा लागला. हे साम्य आम्हांला कोणत्याही पुस्तकात दाखवलेले आठवत नाही. बेटावर राहिल्याने ते दिसले.

*

घराकडे परत येऊ. अशी घरे भाड्याने का द्यावी लागतात, याचे उत्तर भावनिक नाही, हिशेबी आहे. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याचा माणूस मुंबईला गेला, पूर्व आफ्रिकेला गेला, पुढे लिस्बनला आणि आखातात गेला. घरे त्याच्याच पैशाने मोठी झाली आणि त्याच्याच जाण्याने रिकामी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेल्या वारसानियमांमुळे मुलगा-मुलगी सर्वांचा घरात वाटा असतो. न्याय्य गोष्ट आहे. पण चार पिढ्यांनंतर एका घराला जगभर पांगलेले डझनावारी वारस होतात आणि त्यांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत. घर विकता येत नाही, दुरुस्तही होत नाही. दरवर्षी पावसाआधी शाकारणी केली नाही तर तिसऱ्या पावसाळ्यात वासे कुजतात. आम्ही होतो त्या चार दिवसांतही मागच्या पडवीवर दोन गडी कौले फिरवत होते. पाहुण्यांचे भाडे त्या कौलांत जाते. तेव्हा टेबलावरच्या त्या कागदाला हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. 'वारसा' हा शब्द त्याने सैल वापरला असेल, पण छप्पर गळू न देण्याचे काम तो करीत होता. आमच्या कागदाने कोणते छप्पर राखले?

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरा साजरा होतो. वाड्यांच्या हद्दीवरून भांडणे होत, म्हणून पोर्तुगीजांनी सीमेवर झेंडे रोवले आणि गावकऱ्यांनी ते पाडले. त्याची ही वार्षिक नक्कल. बांबूच्या नळीतून फळांच्या गोळ्या झाडतात, मिरवणूक निघते, हद्द पुन्हा एकदा मोडली जाते. आंटींनी त्या दिवशी पुन्हा यायचे निमंत्रण दिले. हद्दीचे भांडण इतके हसतखेळत साजरे करता येते, याचे आम्हांला नवल वाटले. वाङ्मयेतिहासातही झेंडे रोवलेले आहेत: संतकाव्य, पंडितकाव्य, ख्रिस्ती वाङ्मय. एकनाथांचे निधन १५९९ चे, 'क्रिस्तपुराण' १६१६ चे, मुक्तेश्वर त्याच शतकातला. पण आम्ही त्यांना कधी एका तासाला एकत्र बसवले नाही. येत्या वर्षी त्या वृद्धाच्या प्रश्नापासून सुरुवात करायची, असे दोघांनी ठरवले आहे. विद्यार्थ्यांना विचारायचे: तुमच्या गावातली सगळी पुराणे उद्या कोणी उचलून नेली, तर तुम्ही काय मागाल, आणि कोणाकडे? पाच गुणांच्या टिपेत हे बसणार नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाने निघालो. आंटींनी परसातल्या झाडाचे पाच मानकुराद वर्तमानपत्रात गुंडाळून हाती दिले आणि ते खांडोळ्याला गणपतीपुढे ठेवायला सांगितले. कारण विचारायचे आम्हांला सुचले नाही, आणि त्यांनाही सांगावेसे वाटले नसावे. फेरीबोट दिवाडीच्या नार्व्याहून पलीकडच्या नार्व्याला काही मिनिटांतच पोचली. सप्तकोटीश्वराचे दर्शन घेऊन आम्ही दुपारी खांडोळ्याला गेलो. देवापुढे आंबे ठेवले तेव्हा भटजींनी सहज विचारले, "कुठचे आंबे?"

"दिवाडीचे," आम्ही म्हणालो.

"म्हणजे त्याच्याच गावचे," असे म्हणून त्यांनी त्यांतले दोन उचलून मूर्तीच्या पायांशी ठेवले.